वैजापूरला न प्यायलेला चहा

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसाला चहा किती होतो?" मी म्हणाले, "होतात चार-पाच कप." शेजारच्या खुर्चीवर आमचे हे बसले होते, त्यांना नेमका तेव्हाच खोकला आला. डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "काका, तुम्ही सांगा." ह्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची संपत आली, तेव्हा मी त्यांच्या पायावर पाय दिला.

पण ते खोटं सांगत नव्हते. सिडकोतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते. गिऱ्हाईक आलं की माप, माप झालं की चहा. ब्लाउजचं माप द्यायला बाई कधी एकटी येत नाही. बहीण, जाऊ, नणंद, कुणीतरी गळा केवढा ठेवायचा ते सांगायला बरोबर असतंच. "ताई, तुम्ही पण घ्या ना," असं त्या म्हणतात आणि त्यांना दुसऱ्यांदा म्हणावं लागत नाही. शिवाय सकाळी उठल्याचा एक, पेपरबरोबरचा एक, आणि रात्री सगळ्यांचा झाल्यावर पातेल्यात उरला म्हणून घेतलेला एक. तो उरावा म्हणून मी पाणी जरा जास्तच टाकत असे.

झालं असं की रात्री आडवी झाले की छातीत शिलाई मशीन सुरू व्हायचं. झोप नाही, उठले की चिडचिड, चिडचिड झाली की चहा. कार्डिओग्राम चांगला निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरायचं काही नाही, पण चहा कमी करा. आठवड्याला एकेक कप कमी करत दोनवर या. एकदम बंद करू नका हं, डोकं धरेल." मी मान डोलावली आणि घरी येऊन एकदम बंद केला.

माझा स्वभावच तो. कापडावर खडूची रेघ मारली की मी कात्री सरळ नेते, मध्ये थांबत नाही. आठवड्याला एकेक कप म्हणजे नुसतं कुरतडणं. हे म्हणाले, "डॉक्टरीणबाई वेगळं म्हणाल्या होत्या." मी म्हणाले, "त्यांना माझा स्वभाव ठाऊक नाही." "मला ठाऊक आहे ना," असं म्हणून ह्यांनी आपला कप उचलला आणि गच्चीवर जाऊन प्यायले. त्यानंतर बरेच दिवस ते चहा गच्चीवरच पीत होते.

पहिला दिवस मी मोठ्या तोऱ्यात काढला. येईल त्या बाईला सांगितलं, मी चहा सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोक्यानं हिशोब चुकता करायला घेतला. डोळ्यांच्या मागून दुखणं सुरू झालं आणि मानेपर्यंत उतरलं. कुणीतरी कपाळात नाडी ओवून ती गच्च आवळतंय असं वाटायचं. जांभया तर इतक्या की समोरच्या बाईचा दंड मोजताना मी तिच्या तोंडावर जांभई दिली. कुकरच्या शिट्टीचा राग, दाराच्या बेलचा राग, शेजारच्या खिडकीतून चहातल्या आल्याचा वास आला की त्या बिचाऱ्या शेजारणीचाही राग. गवती चहाचा काढा करून बघितला, ताक पिऊन बघितलं, नुसतं गरम पाणी पिऊन बघितलं. गरम पाणी प्यायल्यावर तर मला रडूच आलं.

दुपारी माझ्याकडे आपा येतात. त्या ब्लाउजवर आरी वर्क करतात, म्हणजे बाह्यांवर, गळ्यावर मणी आणि जर भरतात. रोशन गेटकडून रिक्षानं यायचं, खिडकीजवळ लाकडी चौकट मांडायची आणि उजेड आहे तोवर भरत बसायचं, असं आमचं कितीतरी वर्षं चाललंय. वयानं माझ्याहून मोठ्या, तरी मला भाभी म्हणतात. त्यांनी मला बघितलं आणि सुई थांबवली.

"भाभी, मुंडी पकडके कायकू बैठे?"

"चहा सोडलाय आपा."

"आधा कप पी लो. मैं किसकू बोलती नै."

"नको."

"नक्को तो नक्को," आपा म्हणाल्या आणि परत चौकटीवर वाकल्या. मग जरा वेळानं, मान वर न करता, "पन वो दुल्हन के दोनो बाजू एकीच तरफ के काट दिए तुम."

खरंच, मी एका नवरीच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या डाव्याच कातरल्या होत्या. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी जमिनीवरच बसले आणि हसत सुटले. हसताना डोकं आणखी ठणकायला लागलं, तरी हसू थांबेना.

त्याच संध्याकाळी लासूर स्टेशनहून ह्यांच्या आतेभावाचा फोन आला. वैजापूरचं एक स्थळ त्यांनीच सुचवलं होतं. "रविवारी या पोरगी बघायला," ते म्हणाले, "त्यांचीबी तयारी हाय."

आता माझ्या मुलाबद्दल सांगायला हवं. वाळूजला कंपनीत आहे. बत्तीस वर्षांचा झाला, कामाला चोख, आणि लग्नाच्या बाजारात मात्र आम्ही सगळीकडून परत आलेले. कुणाला सरकारी नोकरी हवी, कुणाला पुण्यात फ्लॅट हवा, कुणाला सासू-सासरे दुसऱ्या शहरात हवेत. फोटो दाखवले की तो म्हणायचा, "बघा, तुम्हाला काय वाटतं ते." ह्या मुलीशी मात्र तो फोनवर बोलला होता. वैजापूरला एका लॅबमध्ये ती रक्त तपासायच्या कामावर आहे. एकदा काही कामानं बहिणीबरोबर शहरात आली, तेव्हा दोघं भेटलेही होते. त्या रात्री तो स्वयंपाकघरात आला, ओट्यावरचा मिठाचा डबा उगाच इकडचा तिकडे केला आणि म्हणाला, "आई, तू बघून ये. पण मला ती आवडली आहे." त्याचे कान लालबुंद झाले होते. मला एवढा आनंद झाला की डोकेदुखीला तेवढा वेळ सुट्टी मिळाली.

रविवारी त्याला ड्युटी लागली. त्यानं मुलगी बघितलेली होतीच, म्हणून आम्ही दोघंच निघालो. लासूर स्टेशनला आतेभाऊ गाडीत बसणार होते, पण त्याआधी त्यांनी आणि ह्यांनी टपरीवर उभ्यानं चहा घेतला. मी गाडीच्या काचा वर करून, डोळे मिटून आत बसले. वास तरीही आला.

वैजापूरचं घर मार्केट यार्डापासून जवळच. अंगणाच्या कडेला कांदाचाळ, दारात रांगोळी, बैठकीत सोफ्यावर नवं कव्हर. कव्हरची घडीही अजून मोडली नव्हती. मुलीचे वडील कांद्याचा व्यापार करतात, साधा, हसरा माणूस. आणि खिडकीतून ऊन थेट माझ्या डोळ्यांवर. मी पदर कपाळापर्यंत ओढला आणि डोळे बारीक करून बसले. पोहे आले, ते मी दोन घास खाल्ले.

मग मुलगी आली. मोरपिशी साडी, हातात चहाचा ट्रे. मला ती बघताक्षणी आवडली, हे मी आजही कुणालाही शपथेवर सांगेन. पण माझी नजर तिच्या ब्लाउजच्या खांद्यावर गेली आणि तिथंच अडकली. खांदा असा बसला होता की चुणी नाही, ताण नाही. हे कुणी कातरलं असेल, मी विचार करत होते, आणि विचार करताना माझ्या कपाळाला नेहमी आठ्या पडतात. त्यात डोकं फुटायला आलेलं. तिनं ट्रे माझ्यासमोर धरला. मी म्हणाले, "नको."

मुलीची आई पुढं झाली. "घ्या ना ताई. साखर जास्त वाटत आसल तं दुसरा करती."

"नको म्हणलं ना," मी म्हणाले. एवढंच. ट्रे सरकला. माझ्या वाटणीचा कप टेबलावर राहिला आणि त्याच्यावर साय धरली. पुढं जे काही बोलणं झालं ते ह्यांनी आणि आतेभावांनी केलं. परतताना मी मागच्या सीटवर झोपून गेले आणि घरी आल्यावर मुलाला म्हणाले, "छान आहे रे मुलगी. करून टाकू." तो गच्चीवर जाऊन कुणाला तरी फोन करत होता, हे मी ऐकलं आणि खूश झाले.

तीन-चार दिवसांनी आतेभावांचा फोन. "वैनी, तुमाला पसंत नव्हती तं मला तिथंच खूण करायची. ते आता दुसरीकडं बघायलेत."

"कुणी सांगितलं पसंत नव्हती?"

"सांगायला कामून लागतंय? कपाला हात लावला नाय तुमी. पोरीकडं आठ्या घालून बघत व्हता."

मी हातातली कात्री खाली ठेवली. कारण हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या माणसांत नकार तोंडानं देत नाहीत. पोहे पाहुणचाराचे, ते कुणीही खावेत. पण मुलीनं आणलेला चहा हा प्रश्न असतो, आणि तो मुलाच्या आईला विचारलेला असतो. कप उचलला की बोलणी पुढं. कप राहिला की लोक हवापाण्याच्या गप्पा मारून, हसून, एकमेकांना नमस्कार करून उठतात, आणि पुन्हा कुणी त्याबद्दल बोलत नाही. माझ्या आईनं माझ्या भावासाठी एक स्थळ असंच कप न उचलता परत केलेलं मी लहानपणी बघितलं होतं. बाकी सगळं मला आठवत होतं, फक्त त्या रविवारी डोकं ठिकाणावर नव्हतं. ह्यांच्या तर ते ध्यानातच आलं नाही. त्यांच्या लेखी मी चहा सोडला होता आणि त्यांनी स्वतः दोन कप घेतले होते.

मी लगेच मुलीच्या वडिलांना फोन लावला. चहा सोडलाय, डॉक्टरांनी सांगितलंय, डोकं दुखत होतं, मुलगी आम्हाला पसंत आहे, सगळं सांगितलं. ते अतिशय गोड बोलले. "काही हरकत नाय ताई. आसं व्हत आसतंय. तुमी मनाला लावून घेऊ नका." दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तेच. त्यांना वाटत होतं, मी आता तोंडदेखलं चांगलं बोलतेय. जिथं नकार तोंडानं देत नाहीत, तिथं तोंडच्या होकारावर तरी विश्वास कोण ठेवणार?

मुलीनं आमच्या मुलाचे फोन घेणं बंद केलं होतं. तो घरी यायचा, जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा. एकदाच म्हणाला, "तुला आवडली नव्हती तर मला तसं सांगायचं होतंस." मी म्हणाले, "अरे, आवडली होती." तो म्हणाला, "हं." त्या 'हं'नं मला जेवढं लागलं तेवढं सगळ्या डोकेदुखीनं लागलं नव्हतं.

आणि गंमत बघा, नेमकी तेव्हाच माझी तब्येत झकास झाली. एका सकाळी जाग आली तर दूधवाला येऊन गेला होता. एवढी गाढ झोपले होते मी. डोकं हलकं, छातीत शांत, हात स्थिर. सुईत दोरा पहिल्याच फटक्यात. ज्वारीच्या भाकरीला चव असते हे नव्यानं कळलं. इतकं बरं वाटत होतं की माझी मलाच लाज वाटायची. घरात मूल तोंड पाडून बसलंय आणि आई मशीनवर गुणगुणतेय.

शेवटी मी आपांना सगळं सांगितलं. त्यांना त्यात समजायला काही अवघड नव्हतं. "हमारे में शरबत रहता, तुम्हारे में चाय. पीना तो पडताइच," त्या म्हणाल्या. "तो जाके पी लो ना."

"बोलावल्याशिवाय? मुलाकडच्यांनी?"

"तो घर में बैठके गुनगुनाओ."

हे म्हणाले, मुलाच्या आईनं असं उठून जायची रीत नाही, लोक काय म्हणतील. मी म्हणाले, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे, मी चालले. दुसऱ्या दिवशी मी आणि आपा मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटीत बसलो, बायकांच्या अर्ध्या तिकिटात. मुलाला काही कळवलं नाही, ह्यांनाही सांगू नका म्हणून बजावलं. आपांनी डब्यात शेवया आणल्या होत्या, त्या त्यांनी लासूरच्या आतच संपवल्या. मला घास उतरत नव्हता. दार उघडलंच नाही तर काय, एवढंच डोक्यात.

दार उघडं होतं. मुलीची आई अंगणात लाल मिरच्या वाळत घालत होती. आम्हाला बघून उठली, पदर सावरला. "या. आचानक?" आवाजात आदर होता, ओलावा नव्हता. पाणी दिलं. मी पाणी बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "ताई, मला चहा पाहिजे."

"तुमी तं घेत नाय ना."

मग मी बोलायला लागले. डॉक्टरीणबाई, छातीतलं मशीन, आवळलेली नाडी, गरम पाणी पिऊन आलेलं रडू, दोन डाव्या बाह्या, सगळं एका दमात. मध्ये-मध्ये आपा "हौ, सच्ची," म्हणत होत्या. मुलीची आई ऐकत राहिली. तिच्या तोंडावर काही उमटेना. शेवटी म्हणाली, "डोकं दुखत व्हतं तं सांगायचं ना. बाम दिला आसता चोळायला." एवढं सोपं होतं ते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोरीनं तवापसून चहाला हात लावला नाय," ती म्हणाली. "म्हनती, माझ्याच हातचा वाईट झाला आसल." आणि उठून आत चहा टाकायला निघाली.

मी तिचा हात धरला. "तुम्ही नका करू. तिला येऊ द्या."

मुलगी दुपारी जेवायला घरी येते. तोवर बसलो. आपांना चहाची तलफ आली होती, पण माझ्यामुळं त्याही थांबल्या आणि दर थोड्या वेळानं सुस्कारा टाकत राहिल्या. मी मिरच्या पसरवू लागले आणि विचारलं, त्या दिवशीचं ब्लाउज कुणी कातरलं होतं? "मीच की," मुलीची आई म्हणाली. "घरच्यापुरतं शिवती." मी म्हणाले, "मी ते बघत होते. आठ्या त्याच्या होत्या." तेव्हा ती बाई पहिल्यांदा हसली. मग आम्ही दोघी खांद्याचा उतार किती द्यायचा ह्यावर असं काही बोलत सुटलो की आपांनी कपाळावर हात मारला.

मुलगी आली. खांद्याला पर्स, हातावर लॅबचा पांढरा कोट. आम्हाला बघून दारातच थबकली. मी उठून तिच्याजवळ गेले. "बाळा, त्या दिवशी माझं डोकं फुटत होतं. तू आणि तुझा चहा, दोघांतही काही खोट नव्हती. आता मला करून दे."

तिनं आईकडे बघितलं, आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला, मग आलं ठेचल्याचा. इतक्या दिवसांनी तो वास आला आणि मला बिलकूल राग आला नाही. तेवढ्यात तिचे वडीलही यार्डातून आले, कुणीतरी त्यांना कळवलं असणार. ते दाराशी उभे राहिले. मुलगी ट्रे घेऊन आली. ट्रे टेकायच्या आत मी कप उचलला आणि फुंकर न घालता प्यायले. जीभ भाजली. साखर जास्त होती, दूध घट्ट होतं, आलं झणझणीत होतं. काय सांगू, त्याहून चांगला चहा मी कधी प्यायले नाही. हल्ली मी सकाळी एक आणि चार वाजता एक, असे दोनच कप घेते, पण वैजापूरचा तो कप हिशोबात धरत नाही.

मी रिकामा कप ठेवला. तिचे वडील उंबऱ्यावरच बसले आणि उपरण्यानं तोंड पुसू लागले. मग आपांनीही आपला कप उचलला आणि "शुक्र है," म्हणाल्या.

तेव्हा माझ्या मनात आलं की सगळ्यांचं लक्ष माझ्या कपाकडे होतं. त्या रविवारीही आणि आताही. हिला कुणी विचारलं होतं? मी तिला शेजारी बसवलं. "मी प्यायले ते ठीक. पण तुला आमचा मुलगा पसंत आहे का? नसेल तर नाही म्हण. मी अशीच घरी जाईन, काही राग धरणार नाही."

तिची आई म्हणाली, "तिला काय इचारता..." मी म्हणाले, "तिलाच विचारायचं आहे."

मुलगी मान खाली घालून बसली. मग हळू म्हणाली, "पसंत नसते तर मी एवढी रडले असते का?"

मी पर्समधून मोबाइल काढला, मुलाचा नंबर लावला आणि बेल वाजत असताना फोन तिच्या हातात दिला. ती गोंधळली. तिनं फोन कानाला लावेपर्यंत तिकडून उचलला गेला होता. ड्युटीवर असताना माझा फोन म्हणजे त्याला काळजी. आवाज असा मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"आई, कुठं आहेस तू? बाबा म्हणतात सकाळपासून घरी नाहीस. हे बघ, दुसरं स्थळ बघायला गेली असशील तर तशीच परत ये. मला तीच पाहिजे. त्यांच्या घरी येऊन पाया पडायला लागलं तरी मी पडतो."

मुलीनं तोंडावर हात ठेवला. उंबऱ्यावर तिचे वडील हसत होते आणि उपरणं डोळ्यांना लावत होते. तिनं हात काढला, श्वास घेतला आणि म्हणाली, "पाया नका पडू. सुट्टी कधी आहे तेवढं सांगा."

तिकडं काहीतरी खणकन खाली पडलं. मग कंपनीतल्या मशीनच्या वर आवाज चढवून तो ओरडला, "रविवारी!"